पितळी घड्याळाचे आठ दिवस

डबीचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला, पेट्रोलचा. पस्तीस वर्षं पेट्रोल टिकत नाही हे मलाही कळतं, पण नाकाला कोण समजावणार. आईचं रेशनकार्ड शोधायला म्हणून मी तिची ट्रंक उपसत होते. तळाशी, तिच्या लग्नातल्या शालूखाली, ही तंबाखूची पत्र्याची डबी होती. आत कापसाच्या गादीवर नानांचं घड्याळ.

माझ्या वडिलांना मी नाना म्हणायची. हे घड्याळ त्यांनी स्वतः केलं होतं, आणि तसं ते दिसतंही. त्याची डबी गिरणीतल्या कुठल्याशा पितळी बुशची, म्हणजे दांडा फिरतो त्या कड्याची, कानशीनं घासून गोल केलेली. तबकडी एका मेलेल्या घड्याळाची. तिच्यावरचं कंपनीचं नाव त्यांनी ब्लेडनं खरवडून काढलं, तिथं अजून पांढुरका चट्टा आहे. तासकाटा बायकी घड्याळातला, सोनेरी. मिनिटकाटा दुसऱ्याच कुणाचा, काळा. सेकंदकाटा नाहीच. आणि पट्टा मशीनच्या जुन्या चामडी बेल्टचा, इतका जाड की मनगटावर बसायचाच नाही.

मी चावी दिली. चालू झालं नाही. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

*

आमचं बिऱ्हाड तेव्हा धुळ्यात होतं. नाना गिरणीत टाइमकीपर होते. फाटकाशी काचेची एक खोली, तिच्यात नाना, आणि समोरून हाफशर्टातली माणसं डबे सांभाळत पळत यायची. भोंगा थांबल्यावर जो आत येईल तो उशिराचा. नाना कुणावर ओरडत नसत. नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करत. पाळी सुटली की सगळ्यांच्या भुवयांवर कापसाचा भुरा असायचा, नानांच्या मात्र नाही, कारण त्यांची काच बंद असे. घरी आले की त्यांच्या अंगाला शाईचा आणि लाइफबॉयसारख्या लाल साबणाचा वास यायचा. पांझरेच्या कोरड्या पात्रातून आलेली धूळ सगळ्या गल्लीवर बसायची. आमच्या ओसरीवर बसायला तिला परवानगी नव्हती.

घरात गिरणीचाच नियम होता. उशीर झाला तर एका मिनिटाला पाच मिनिटं अंगणात उभं राहायचं, त्या एका शहाबादी फरशीवर, अनवाणी. धुळ्याच्या उन्हात, एवढंच सांगते. ज्यांनी खानदेशातला मे महिना पाहिलाय त्यांना फरशीचं वर्णन नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना करून उपयोग नाही.

एकदा चोपड्याहून मामा आले होते, खांद्यावर केळीचा घड घेऊन. आईच्या माहेरचं एवढं एकच माणूस उरलं होतं. आईनं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या. घासलेटचा स्टोव्ह फुरफुरत होता, भाजलेल्या वांग्याचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला असेल. साडेबाराचं जेवण बारा बत्तीसला पाटावर आलं. नाना अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दोन मिनिटं. दहा."

आईनं हाताचं पीठही धुतलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मामा उठायला लागले तसं नानांनी त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं. "तुम्ही जेवा. भाकरी गार होते." मामा जेवले. खाली मान घालून, एकेक घास. दहा मिनिटांनी आई आत आली आणि तिनं त्यांना ताक दिलं. मामा पुन्हा कधी आमच्या घरी आले नाहीत. ती केळी पिकून काळी पडली तरी आईनं एकही खाल्लं नाही.

*

मग एका वर्षी भोंगा थांबला. का थांबला ते मोठ्या माणसांनी चौकाचौकात बोलून घेतलं, मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती शांतता. सकाळी सातला कान आपोआप ताठ व्हायचे आणि काहीच यायचं नाही. नुसत्या चिमण्या.

नाना घरात बसले. ही आमच्यावरची मोठीच आपत्ती. फाटकातून येणारी सगळी माणसं गेली आणि राहिल्या फक्त दोघी, मी आणि आई. त्यांची सगळी मिनिटं आमच्या वाट्याला आली.

घड्याळाचा नाद त्याच सुमाराला लागला. जळगावात गनीभाई म्हणून घड्याळदुरुस्तीवाले होते, गिरणीतली घड्याळं पूर्वी त्यांच्याकडेच जायची. नाना एसटीनं जळगावला जात आणि त्यांच्याकडून मेलेली घड्याळं रुमालात बांधून आणत. ओसरीत पांढरं फडकं पसरायचं. चिमटा, हवेचा रबरी फुगा, डोळ्याला लावायचं भिंग, बशीत पेट्रोल. पेट्रोलमधून काढलेली चाकं फडक्यावर वाळत घातलेली असत, तेव्हा आम्ही ओसरीतून चालायचंही नाही. उन्हाळ्यात आई गच्चीवर पापड वाळत घालायची, नाना ओसरीत चाकं. दोघंही आपापल्या वाळवणावर लक्ष ठेवून असत, एकमेकांकडे मात्र बघत नसत.

एकदा त्यांनी मला हाक मारली. भिंग माझ्या डोळ्याला लावलं. चाक डावी-उजवीकडे झुलत होतं, त्यातली केसाएवढी स्प्रिंग आत-बाहेर होत होती. "बघ," नाना म्हणाले, "जीव धरलाय." तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. तो माझ्यासाठी नव्हता, चाकासाठी होता. ते चाक चिमट्यात उचलताना नाना श्वास रोखायचे. मला कडेवर घेतल्याचं मात्र मला एकदाही आठवत नाही. मला त्या घड्याळाचा मत्सर वाटायला लागला, हे आज लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

एकदा गनीभाई लग्नाला म्हणून धुळ्याला आले आणि आमच्याकडे चहाला थांबले. पितळी डबी हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिली. म्हणाले, "नानासाहेब, आता सेलवाल्या घड्याळांचा जमाना आला. पण चावीची घड्याळं लोक फेकणार नाहीत, आणि माझी नजर चालली. मशीन मी टाइमला लावून देतो. बाकी जुळणी तुमची. हे घड्याळ आठ दिवस एका मिनिटानंही इकडेतिकडे झालं नाही, तर माझ्या बाजूची खुर्ची तुमची. बोललो म्हणजे बोललो."

नानांनी आईकडे पाहिलं. "सोमवारी जाईन, शनिवारी येईन," ते म्हणाले. कोणत्या सोमवारी ते काही ठरलेलं नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर भोंगा वाजल्यासारखं काहीतरी झालं होतं.

*

दहावीची परीक्षा संपली होती. घड्याळ ओसरीतल्या खिळ्यावर, रेडिओच्या शेजारी टांगलेलं असे. दुपारच्या बातम्यांच्या आधी रेडिओवर ठोके पडत. शेवटच्या ठोक्याला नाना काटे पाहत. बरोबर असले की भिंतीवर खडूची एक रेघ. मग चावी देत, आणि दुसऱ्या दिवशीच्या ठोक्यापर्यंत घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. चार रेघा झाल्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी नलूकडे गेले. नलू माझी वर्गमैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्याकडे बर्फाचा गोळा करायचं नवं मशीन आलं होतं. मी घरी पोचले तेव्हा अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. सोबत नलूही आली होती, माझी विसरलेली ओढणी द्यायला.

"तीन मिनिटं. पंधरा."

मी नलूसमोर उभी राहिले. ती बिचारी जाईनाच. हातातल्या गोळ्याचं लाल पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं आणि ती माझ्या पायांकडे बघत होती. मी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला तर आतून नाना म्हणाले, "दोन्ही पाय खाली." पंधरा मिनिटांनी मी आत गेले. आईनं तळव्यांना खोबरेल लावलं.

साडेअकराला नाना आंघोळीला गेले. बंबाच्या तोटीचा आवाज सुरू झाला. मी ओसरीत गेले, घड्याळ खिळ्यावरून काढलं, चावी नखानं बाहेर ओढली आणि काळा काटा तीन मिनिटं मागे नेला. तीनच. पाऊण तास नेला असता तर पकडले गेले असते, हा विचार नंतरचा. तेव्हा मला ती तीन मिनिटं परत द्यायची होती, एवढंच.

घड्याळ टांगून वळले तर आई दारात. हातात पिळलेले कपडे. तिनं माझ्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं.

"सरळ टांग," ती म्हणाली. "घडी वाकडी दिसी ऱ्हायनी."

मी सरळ टांगलं आणि नलूकडे जाते म्हणून बाहेर पळाले.

दुपारी ठोके पडले. नाना घड्याळासमोर उभे होते. मग म्हणाले, "पाच मिनिटं मागे."

मला वाटलं, म्हणजे घड्याळच वाईट आहे. माझी तीन आणि त्याची स्वतःची दोन. मला फार हलकं वाटलं. नाहीतरी ते चुकणारच होतं, मी फक्त हात लावला.

पण पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. नानांनी खडूच्या चारही रेघा ओल्या फडक्यानं पुसल्या. डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली, वहाणा काढल्या, आणि अंगणात फरशीवर जाऊन उभे राहिले. "पाच पंचे पंचवीस," ते मला म्हणाले. "आतल्या गजराच्या घड्याळात बघ. झाले की सांग."

नियम सगळ्यांना होता.

*

त्या उन्हाळ्यात ते पाच वेळा उभे राहिले. दर वेळी घड्याळ उघडायचे, चाकं पेट्रोलमध्ये, पुन्हा जुळणी, पुन्हा खडू. ओसरीला, आमच्या अंथरुणांना, भाकरीलासुद्धा पेट्रोलचा वास लागला. वेग कमीजास्त करायचा एक बारीक काटा मशीनमध्ये असतो, त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. "तो गनीभाईंनी लावलाय," ते म्हणायचे. "मशीन खोटं बोलणार नाही. चूक माझ्या हाताची." उजेडात हात धरून ते स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचे. गिरणीच्या घड्याळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आपल्या घरात कुणी लावेल हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं सगळ्यांवर संशय घेतला, मशीन सोडून आणि आम्हाला सोडून. म्हणजे उरला तो एकटाच.

आणि मी शिकत गेले. पहिल्या काही दिवसांत हात लावायचा नाही. रेघा वाढू द्यायच्या. चार, पाच, सहा. नानांचा आवाज हळूहळू सैल व्हायचा, एकदा तर त्यांनी मला गोळ्याच्या गाडीवर जाऊ दिलं. मग बंबाची तोटी वाजली की तीन मिनिटं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि पुन्हा पोळपाटाकडे वळायची. दुपारी नाना सांगायचे, पाच. नेहमी पाच. मला ती पंचवीस मिनिटं आवडायची, हे सांगून टाकते. मी खिडकीत बसायची. त्यांचा एक पाय कापायचा, मानेवरून घाम सदऱ्यात उतरायचा. शेजारचे लोक आपापली दारं लोटून घ्यायचे. मी थंड माठाचं पाणी पीत बघायची.

ते जळगावला गेले असते तर सोमवार ते शनिवार आम्ही मोकळ्या झालो असतो. एवढा साधा हिशोब मला सुचला नाही. मला ते जायला नको होते, मला ते उन्हात हवे होते.

पाचव्या वेळेला सात रेघा झाल्या. आठव्या दिवशी नानांनी सकाळीच दाढी केली, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, कापडी पिशवीत चिमटा, भिंग आणि दोन धोतरं भरली. दुपारची जळगाव गाडी गाठायची होती. आईनं न सांगता दशम्या बांधून दिल्या. सदरा घातल्यावर ते आरशात बघत उभे होते तेवढ्यात मी ओसरीत जाऊन आले.

ठोके पडले. पाच मिनिटं मागे.

पिशवी त्यांनी खुर्चीवर ठेवली. टोपी काढली. पांढऱ्या सदऱ्यानिशी फरशीवर गेले. मी गजराच्या घड्याळासमोर बसले. पंचवीस झाली. मी उठले नाही. सव्वीस, सत्तावीस. एकोणतिसाव्या मिनिटाला मी दारात जाऊन म्हटलं, "झाली."

नाना पायरीशी आले, वहाणा पायात सरकवल्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार मिनिटं जास्त घेतलीस." मग म्हणाले, "चालेल."

ज्या माणसाच्या अंगात मिनिट न् मिनिट वाजत होतं त्यानं आपल्या अंगावर विश्वास ठेवला नाही, त्या पितळी डबीवर ठेवला.

*

गनीभाईंच्या शेजारी दुसरं कुणीतरी बसलं. घड्याळ तंबाखूच्या डबीत गेलं. नानांनी आम्हाला पुन्हा कधी उन्हात उभं केलं नाही. घरात जेवण एकला झालं, दीडला झालं, कधी विसरलंही गेलं. काही दिवसांनी चहाची बशी त्यांच्या हातात वाजायला लागली. ते खाटेवर पडून असत आणि अधूनमधून विचारत, "किती वाजले?" समोर भिंतीवर घड्याळ होतं तरी विचारत. मी कधी खरं सांगायची, कधी तोंडाला येईल ते. ते दोन्हीला मान हलवायचे. असे ते बारा वर्षं जगले.

आता आई माझ्याकडे जळगावात असते. डबी सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घड्याळ घेऊन गनीभाईंच्या दुकानात गेले. आता तिथे त्यांचा मुलगा सलीम बसतो, त्याच्याही दाढीत पांढरं आलंय. त्यानं घड्याळ उघडलं, भिंग लावलं. दुकानात पेट्रोलचा वास होता, खरा.

"बाई, ह्याला काही झालंच नव्हतं," तो म्हणाला. "तेल सुकलंय फक्त. पण इतक्या वेळा खोललं कुणी? स्क्रूच्या खाचा पार झिजल्यात."

"वडिलांनी."

"कशाला?"

"त्यांना वाटायचं, मागे पडतं."

"हे मशीन?" सलीम हसला. "अब्बांच्या हातचं आहे. जिथं लावलं तिथंच काटा आहे. घरी टांगा आठ दिवस, आणि बघा."

मी टांगलं. आईच्या खाटेसमोरच्या खिळ्यावर. रोज दुपारी मोबाइलशी ताडून बघायची. पहिल्या दिवशी बरोबर. दुसऱ्या दिवशी बरोबर. रोज मी दोन मिनिटांची वाट पाहत होते. पस्तीस वर्षं मी त्या दोन मिनिटांच्या आधारावर जगले होते. घड्याळच खराब होतं, मी नुसता हात लावला. तिसऱ्या दिवशी बरोबर, सहाव्या दिवशी बरोबर. सातव्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आज आठवा दिवस. काटे अगदी जिथे हवेत तिथे होते. मी आईकडे पाहिलं. ती खाटेवर उठून बसली होती.

"किती दिन व्हयनात?" तिनं विचारलं.

"आठ."

"फरक?"

"काही नाही."

तिनं हात पुढे केला. मी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. ते तिनं पदरानं पुसलं.

"तुन्हा किती व्हतात?"

"तीन," मी म्हटलं.

"मन्हा दोन."

मी खाटेच्या कडेवर बसले. खाली रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला, काचा थरथरल्या. मी म्हटलं, "आई, ते बारा वर्षं स्वतःच्या हातांकडे बघत पडून होते."

"मी उनमा उभी व्हतू," आई म्हणाली, "आन् मन्हा भाऊ खाली मान घालीसन जेवी ऱ्हायंता." आवाज अगदी साधा होता, नानांचा असायचा तसा.

मग तिनं चावी नखानं बाहेर ओढली. डोळ्यांजवळ नेऊन काळा काटा मागे घेतला, एक मिनिट, दोन मिनिटं. "आते बरोबर शे," ती म्हणाली आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. चावी तिनं आत दाबली नव्हती.

मी ते घेतलं, काटा आणखी तीन मिनिटं मागे नेला, चावी आत दाबली आणि घड्याळ खिळ्यावर सरळ टांगलं.